छाती दाबण्यापलीकडे ६५ वर्षांत काही सापडलंच नाही का? (आणि सोसायटीने मशीन घ्यावं का)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. तुमच्या सोसायटीत ५८ वर्षांचे एक काका बॅडमिंटन खेळताना कोसळले, दोघा शेजाऱ्यांनी छाती दाबली, अँब्युलन्स आली, हॉस्पिटलमध्ये अजून चाळीस मिनिटं प्रयत्न झाले, पण काका गेले. नंतर कुणीतरी म्हणालं की बरगड्या मोडल्या होत्या, आणि तेव्हापासून ते दोघे शेजारी गप्प गप्प आहेत. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न असा की १९६० पासून तेच चाललंय, दोन हात ठेवा आणि दाबा, बाकी सगळीकडे एवढं संशोधन होतं मग इथेच गाडी कुठे अडली. आणि सोसायटीकडे तीन लाख शिल्लक आहेत तर छाती दाबणारं ऑटोमॅटिक मशीन घ्यावं का.

मी भूलतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं थिएटर आणि आयसीयू, आणि गेली दहा-बारा वर्षं रविवारी वेळ मिळेल तसं सीपीआर (म्हणजे हेच, छाती दाबणं आणि श्वास देणं) शिकवतो, शाळा, जिम, सोसायट्या, एकदा तर मंगल कार्यालयात जेवणावळीच्या आधी.

गाडी अडलेली नाहीये. संशोधन भरपूर झालंय, फक्त त्याचे निकाल आपल्याला हवे तसे लागले नाहीत. हातांना पर्याय म्हणून जे जे आणलं ते बहुतेक हातांच्या बरोबरीला येऊन थांबलं. फरक पडला तो दुसरीकडेच: छाती दाबताना मधे किती वेळ थांबलो, आणि पहिल्या पाच मिनिटांत तिथे कोण होतं. बाकी सगळं उत्तर याच्याच भोवती आहे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो, काकांच्या बाबतीत नेमकं काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. हृदय बंद पडलं म्हणजे प्रत्येकाचं एकाच कारणाने बंद पडत नाही. कुणाचं हृदय नुसतं थरथरत असतं, त्याला आम्ही व्हीएफ म्हणतो, ते शॉकने परत लायनीवर येऊ शकतं. कुणाचं पूर्ण थंड, मॉनिटरवर सरळ रेष, तिथे शॉकचा उपयोगच नाही (सिनेमात सरळ रेषेला शॉक देतात ते बघून आम्ही डोक्याला हात लावतो). कुणाच्या मुख्य रक्तवाहिनीत एवढी मोठी गुठळी असते की जगातलं सगळ्यात भारी हॉस्पिटल शेजारी असतं तरी कठीण. त्यामुळे "मशीन असतं तर वाचले असते का" याला हो किंवा नाही असं उत्तर देणारा माणूस तुम्हाला फसवतोय असं समजा.

आता तुम्ही इंजिनिअर आहात तर सुरुवातीची गोष्ट तुम्हाला आवडेल. छाती दाबायची पद्धत मुळात इंजिनिअरच्या प्रयोगशाळेतून आली. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन म्हणून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, विजेच्या धक्क्याने बंद पडलेलं हृदय विजेनेच चालू करता येतं का यावर त्यांचं काम. त्यांच्याकडे गाय निकरबॉकर नावाचा तरुण होता, त्याच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर शॉकचे जड पॅडल नुसते जोरात दाबले तरी रक्तवाहिनीतलं प्रेशर जरासं वर उडी मारतं. शॉक दिलेलाच नाही, नुसतं दाबलंय. मग सर्जन जेम्स ज्यूड त्यात आले आणि १९६० साली तिघांचा पेपर आला: २० पेशंट, त्यातले १४ वाचले. सत्तर टक्के! आजही कुणाला हा आकडा जमत नाही. पण त्यातले बरेचसे भूल देताना किंवा ऑपरेशनच्या आसपास हृदय थांबलेले लोक होते, म्हणजे हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरच्या डोळ्यासमोर, पहिल्याच मिनिटाला हात छातीवर. रस्त्यावर किंवा बॅडमिंटन कोर्टवर कोसळलेल्या माणसाशी त्याची तुलनाच होत नाही. पाश्चात्य देशांत सुद्धा हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी साधारण दहातला एक घरी जातो, चांगल्या शहरांत थोडे जास्त. आपल्याकडे नोंदीच इतक्या तुटक आहेत की आकडा सांगण्यात अर्थ नाही.

मग या साठ-पासष्ट वर्षांत कळलं काय?

सगळ्यात मोठी गोष्ट मी क्लासमध्ये हापशाचं उदाहरण देऊन सांगतो. गावाकडे हापसा चालवलाय ना? पहिले सात-आठ दट्टे नुसते कोरडे जातात, मग पाणी चढतं आणि धार लागते. मधेच हात सोडून कुणाशी बोलत बसलात की पाणी खाली, परत दट्टे कोरडे. छातीचं अगदी तसंच आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोचवायला जे प्रेशर लागतं ते हळूहळू बांधत न्यावं लागतं आणि थांबलात की काही सेकंदांत ते खाली बसतं. शिवाय हे रक्त हृदयाच्या स्नायूत जातं ते दाबताना नाही, हात वर घेताना. म्हणजे छाती पूर्ण वर येऊ दिली नाही, अंग टाकून तिच्यावर रेललात, तर दाबणं कितीही जोरात असो, पंप भरतच नाही. दमलेला माणूस नेमकं हेच करतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला असं सांगतात, दमलास का असं विचारून उपयोग नाही, तो नाहीच म्हणणार.

आणि उत्तम सीपीआर दिला तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांशच मिळतो. त्यातही थांबाथांबी केली तर हातात काय राहतं?

हे सगळं मोजायला लागले ते बऱ्याच उशिरा. २००५ च्या सुमारास अँब्युलन्समधल्या शॉकच्या मशीनला सेन्सर लावून युरोपातल्या तीन ठिकाणी अभ्यास झाला, ट्रेनिंग घेतलेले पॅरामेडिक बरं का, आणि दिसलं असं की हृदय बंद असलेल्या वेळातला जवळजवळ अर्धा वेळ, ४८ टक्के, छातीवर हातच नव्हते. कुणी नाडी बघतोय, कुणी श्वासनलिकेत ट्यूब टाकतोय, कुणी मॉनिटरवर हृदयाचा रिदम बघतोय. त्याच सुमारास अमेरिकेत मिलवॉकीला बघितलं तर पॅरामेडिक मिनिटाला सरासरी ३० वेळा अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत होते, जिथे दहा-बारा पुरे. घाईत हात आपोआप दाबत सुटतो. पण प्रत्येक वेळी फुफ्फुसं फुगली की छातीतलं प्रेशर वाढतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, म्हणजे जीव वाचवायच्या घाईत हापशाच्या पाइपवरच पाय.

हे मी स्वतः केलेलं आहे. शिकत होतो तेव्हा एका रात्री वॉर्डात कॉल आला, पेशंटचं हृदय बंद, मामा छाती दाबत होते (वॉर्डबॉयना आमच्याकडे मामाच म्हणतात), मी लॅरिंगोस्कोप घेऊन तोंडाशी बसलो आणि म्हटलं "मामा थांबा जरा, हलतंय." ट्यूब काही दिसेना. जीभ मोठी, मान आखूड, उशी चुकीची. मामा हात वर धरून उभे. ट्यूब गेली तेव्हा मला एकदम भारी वाटलं होतं, आणि सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मिनिट झालं." पेशंट गेले. मी थांबवलं म्हणून गेले असं नाही म्हणता येणार, फार आजारी होते. पण ते मिनिट अजून डोक्यात आहे. आज मी दाबणं चालू ठेवूनच ट्यूब टाकतो, आणि नाही जमली तर टाकत नाही, घशात वरून बसवायचा मास्क वापरतो किंवा बॅगवर भागवतो. २०१८ मध्ये ट्यूब विरुद्ध असा मास्क यावर इंग्लंड आणि अमेरिकेत मोठ्या ट्रायल झाल्या, इंग्लंडात दोन्ही बरोबरीत, अमेरिकेत तर सुरुवातीला नळीवजा साधा मास्कच थोडा सरस. आमच्या भूलवाल्यांच्या अहंकाराला जरा लागलं ते.

आता आमच्याकडे ट्यूबला बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मोजणारी नळी लावतो, रक्त जास्त फिरलं की तो जास्त येतो. हृदय बंद असताना हा आकडा म्हणजे तुमचा फ्लोमीटर समजा. मागे एकदा आयसीयूत रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) दाबत होता, चांगला धट्टाकट्टा पोरगा, आकडा ९. दोन मिनिटं झाली, मामा आले, चाळीस-पंचेचाळीस किलोचा माणूस, स्टुलावर चढले, कोपरं सरळ, कमरेतून वजन, आणि आकडा १७. तेच हृदय, तेच औषध, फक्त हात बदलले. मी रेसिडेंटला म्हटलं आकड्याकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस. दहाच्या खाली आकडा असेल तर दाबण्यात काहीतरी सुधारा, आणि अचानक पस्तीस-चाळीसवर उडाला तर हृदय चालू झालं असावं. नाडी चाचपडत दहा-वीस सेकंद घालवायची गरज कमी झाली. संशोधनाचा उपयोग म्हणाल तर तो असा.

या मोजमापामुळेच नियम बदलत गेले. आधी १५ वेळा दाबून २ श्वास होते, २००५ मध्ये ३० ला २ झाले. २०१० मध्ये क्रमच उलटा केला, आधी तोंड-श्वास बघत बसायचं ते आधी छाती दाबायची असं झालं. २०१५ मध्ये वरची मर्यादा आली: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, कारण "जोरात आणि फास्ट" सांगितल्यावर लोक १४० ने दाबायला लागले आणि मग छाती वर यायलाच वेळ मिळेना. आपल्याकडे २०१७ मध्ये भूलतज्ज्ञांच्याच संघटनेने सामान्य माणसासाठी नुसतं छाती दाबण्याची सोपी पद्धत काढली, सीओएलएस नावाने, त्यात तोंडाने श्वास नाही आणि नाडी बघणं पण नाही. मला विचाराल तर आपल्यासाठी हे सगळ्यात शहाणपणाचं काम झालं, कारण तोंडाला तोंड लावायचं म्हटलं की निम्मे लोक मागे सरतात. अपवाद लक्षात ठेवा, लहान मूल, बुडालेला माणूस, गळफास किंवा गुदमरलेला, तिथे श्वास कमी पडूनच हृदय थांबलेलं असतं, तिथे तोंडाने श्वास द्यायला येत असेल तर द्याच.

आता तुमच्या मशीनकडे येतो. याची पण गोष्ट गमतीची आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका माणसाला घरी हृदयाचा त्रास झाला तेव्हा मुलाने संडासचा तुंबा काढायचा रबरी पंप छातीला लावून वर-खाली केला आणि वडील वाचले, डॉक्टरांनी ते १९९० मध्ये जर्नलमध्ये छापलं. त्यावरून दाबायचंही आणि वर खेचायचंही अशी उपकरणं निघाली. पुढे ते सगळं मोटरवर आणि हवेच्या प्रेशरवर गेलं, पट्टा बांधा, बटण दाबा, न दमता एकसारखं दाबत राहतं. कागदावर ऐकलं तर हरण्याचं कारणच नाही ना? २०१४ मध्ये युरोपात २,५८९ पेशंटवर ट्रायल झाली. चार तासांनी जिवंत: मशीनवाले २३.६ टक्के, हातवाले २३.७. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये ४,४७१ पेशंट, तिथेही मशीन पुढे गेलं नाही.

का? माझा अंदाज सांगतो, जो मी बघितलंय त्यावरून आहे. मशीन बसवायला माणूस उचलावा लागतो, खाली फळी सरकवावी लागते, पट्टा जुळवावा लागतो, आणि हे होईपर्यंत हात छातीवरून गेलेले. रोज सराव असलेली टीम हे दहा सेकंदांत करते. वर्षात एकदा मशीन बाहेर काढणारी टीम मिनिट घालवते. आणि ते मिनिट नेमकं सुरुवातीचं, सगळ्यात महागडं. मशीन वाईट नाहीये, धावत्या अँब्युलन्समध्ये वळणांवर उभं राहून दाबणं म्हणजे दाबणाऱ्याच्याच जिवाला धोका, तिथे किंवा कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) ते हवंच. पण सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये? तीन लाखात बहुतेक येणार पण नाही, आणि आलं तरी नको.

औषधांचं म्हणाल तर अ‍ॅड्रेनलिन. आम्ही सगळे वर्षानुवर्षं दर तीन ते पाच मिनिटांनी देतोय. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ८,०१४ लोकांवर ट्रायल झाली, निम्म्यांना अ‍ॅड्रेनलिन, निम्म्यांना साधं सलाईनचं पाणी, देणाऱ्यालाही माहीत नाही काय आहे. बेशुद्ध माणसाची परवानगी कशी घेणार, म्हणून ज्यांना नको त्यांनी हातात ठरावीक कडं घालावं अशी सोय ठेवली होती. महिन्याने जिवंत: हजारातले ३२ विरुद्ध २४. म्हणजे औषध काम करतं. पण मेंदू धड असलेले मोजले तर २२ विरुद्ध १९, योगायोगानेही पडू शकेल एवढाच फरक, आणि वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले अ‍ॅड्रेनलिनच्या बाजूला जास्त, ३१ टक्के विरुद्ध १७.८. हृदय चालू झालं, माणूस परत आला नाही. नातेवाईकांना "हृदय सुरू झालंय" असं सांगताना मी आता जीभ सांभाळतो ती यामुळेच, त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा येते ना ती आमच्या मॉनिटरवरच्या आकड्यापेक्षा फार मोठी असते. असो. मी अजूनही देतो, गाइडलाईन पण द्या म्हणते, पण त्याच्यासाठी दाबणं थांबवत नाही.

हृदय परत चालू झाल्यावर मेंदू वाचावा म्हणून पेशंटला थंड करतात, त्याबद्दल पण तुम्ही विचारलंय. २००२ मध्ये दोन ट्रायल आल्या आणि आम्ही पेशंटच्या काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या लावून ३३ डिग्रीला आणायला लागलो, रात्रभर सिस्टर आणि मावशी बर्फ बदलतायत, गाद्या ओल्या. मग २०१३ ला ३३ आणि ३६ बरोबरीत, आणि २०२१ ला १,९०० पेशंटच्या ट्रायलमध्ये ३३ आणि "फक्त ताप येऊ देऊ नका" हे पण बरोबरीत. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी ताप येऊ द्यायचा नाही, एवढंच. गोठलेल्या नदीत पडून वाचलेल्या माणसांच्या कहाण्या वेगळ्या, तिथे माणूस हृदय थांबायच्या आधीच थंड झालेला असतो.

तुम्ही विचाराल की प्राण्यांवर चालतं ते माणसांवर का चालत नाही. प्रयोगशाळेत तरुण, निरोगी डुक्कर असतं. त्याचं हृदय विजेने ठरलेल्या सेकंदाला थांबवतात, आणि उपचार घड्याळ लावून. बॅडमिंटन कोर्टवर ५८ वर्षांचा माणूस असतो, वाहिन्यांत आधीच पंधरा वर्षांचा गाळ, कधी थांबलं ते नक्की कुणालाच माहीत नाही. टेस्ट बेंच आणि खड्ड्यांचा रस्ता यातला फरक तुम्हाला मी काय सांगू.

पण सगळंच बरोबरीत सुटलं असं नाही हं. दोन गोष्टींकडे मी लक्ष ठेवून आहे. एक, कॅनडात ऑन्टारिओमध्ये २०२२ ला झालेली ट्रायल. व्हीएफ आहे, तीन शॉक देऊनही जात नाही, अशा ४०५ पेशंटमध्ये तीन गट केले: शॉकचे पॅड छातीवर होते तसेच ठेवून शॉक, पॅडची जागा बदलून छातीवर आणि पाठीवर लावून शॉक, आणि दोन मशीन आणून पाठोपाठ दोन शॉक. घरी गेले अनुक्रमे १३.३, २१.७ आणि ३०.४ टक्के. ट्रायल कोविडमुळे लवकर थांबवावी लागली, त्यामुळे आकडा अगदी डोळे मिटून घेऊ नका, पण करंट कुठून कुठे जातो एवढं बदलून हा फरक पडतो यात मला तथ्य वाटतं, आणि पॅडची जागा बदलायला पैसे लागत नाहीत. आम्ही आता तीन शॉकनंतर पॅड पुढे-मागे लावून बघतो. (दुसरं मशीन शेजारच्या थिएटरमधून ओढत आणेपर्यंत निम्मा वेळ जातो, हा आमचा व्यवहार.)

दुसरी एक्मो. म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून मशीनमधून ऑक्सिजन देऊन परत सोडायचं, हृदयाला सुट्टी. अमेरिकेत मिनियापोलिसला २०२० मध्ये फक्त ३० पेशंटची ट्रायल, एक्मोवाले ४३ टक्के घरी, नेहमीचे उपचारवाले ७ टक्के. एवढा फरक की मधेच थांबवली. मग नेदरलँड्समध्ये बऱ्याच हॉस्पिटलांत मिळून केली, २०२३ ला निकाल, महिन्याने जिवंत आणि मेंदू धड असलेले २० विरुद्ध १६ टक्के, म्हणजे नक्की फरक म्हणता येणार नाही. मशीन तेच, पण मिनियापोलिसची टीम हे सतत करणारी आणि ठराविक पेशंटच घेणारी. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या मोजक्या हॉस्पिटलांत एक्मो आहे, पण काकांना तिथपर्यंत तासाच्या आत, चालू सीपीआरमध्ये नेणं... पुण्या-मुंबईचं संध्याकाळचं ट्रॅफिक तुम्हीच बघता.

आता जिथे खरंच आकडा हलला ते. डेन्मार्कमध्ये २००१ ते २०१० या दहा वर्षांत त्यांनी शाळेत सीपीआर सक्तीचं केलं, ड्रायव्हिंग लायसन्स काढताना कोर्स करायला लावला, जागोजागी शॉक देणारी मशीनं लावली, कॉल सेंटरवर फोनवरून सांगणारे नर्स-डॉक्टर बसवले. बघ्यांपैकी कुणीतरी सीपीआर देण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४५ वर गेलं आणि महिन्याने जिवंत असणारे ३.५ वरून १०.८ टक्के. यात बाकीचे उपचारही सुधारले असणार, सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. पण स्वीडनच्या मोठ्या नोंदींतही तेच दिसतं, अँब्युलन्स यायच्या आधी कुणी हात लावला तर १०.५ टक्के वाचले, नाही लावला तर ४. एकाही मोटरने किंवा इंजेक्शनने हॉस्पिटलबाहेर असा दुप्पट-तिप्पट फरक पाडलेला नाही.

त्यामुळे त्या दोन शेजाऱ्यांना माझ्याकडून सांगा. बरगडी मोडणं ही चूक नाही. साठीच्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली गेली की मोडू शकते, आमच्याही हाताखाली मोडतात, तो कटकन आवाज हाताला जाणवतो आणि पहिल्या वेळी पोटात गोळा येतो. त्यांनी हात लावला म्हणून काका हॉस्पिटलपर्यंत प्रयत्न करण्याच्या स्थितीत पोचले. नसता लावला तर बहुतेक तिथेच संपलं असतं.

एक मात्र विचारायचंय, आणि हे दोष देण्यासाठी नाही, पुढच्या वेळेसाठी. कोसळल्यापासून पहिला दट्टा पडेपर्यंत किती वेळ गेला? आपल्याकडे हमखास काय होतं: पाणी शिंपडा, कांदा हुंगवा, तळपाय चोळा, तोंडात साखर घाला, आणि सगळ्यात घातक म्हणजे "श्वास चालू आहे". हृदय थांबल्यावर काही जण पहिली काही मिनिटं तोंड वासून अधूनमधून श्वास ओढल्यासारखं करतात, आपण घरघर लागली म्हणतो ना तेच. तो श्वास नव्हे. हाक मारली, खांदे हलवले, उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर एकाने १०८ ला फोन स्पीकरवर टाकायचा आणि दुसऱ्याने दाबायला सुरुवात. जिवंत माणसाची छाती चुकून दाबली तर तो ओरडेल, हात झटकेल, बरगडी दुखेल, क्वचित मोडेल. उलट्या चुकीला दुरुस्ती नाही, दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते. आणि ते जोरजोरात खोकला म्हणजे हार्ट अटॅक टळतो वाले फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवरून प्लीज काढून टाका.

इथपर्यंत काय काय झालं: मशीन म्हणजे हातांच्या बरोबरीचं, अ‍ॅड्रेनलिन थोडंसं, बर्फ गेला, एक्मो ठराविक जागी, शॉक लवकर आणि हात न थांबता हे मात्र पक्कं. मग तीन लाखांचं काय करायचं?

एक एईडी घ्या, म्हणजे कुणालाही वापरता येईल असं शॉक देणारं छोटं मशीन. साधारण लाखाच्या आसपास येतो, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. पॅड चिकटवले की तो स्वतः रिदम ओळखतो आणि बोलून सांगतो, गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे चुकून कुणाला मारू ही भीती नको. अमेरिकेतल्या कसिनोंमध्ये २००० साली अभ्यास आला, तिथे सिक्युरिटी गार्डना हे वापरायला शिकवलं होतं, व्हीएफने कोसळल्यापासून तीन मिनिटांत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले. डॉक्टर नव्हे, गार्ड! म्हणजे आपले वॉचमन. पण हे पण सांगतो की बहुतेक लोक घरात, बेडरूममध्ये, बाथरूममध्ये कोसळतात, कोर्टवर नाही, त्यामुळे तुमचा एईडी दहा वर्षांत एकदाही न वापरला जाण्याची शक्यता भरपूर आहे. ते पैसे वाया गेले असं वाटणारे सभासद असतील तर एजीएममध्ये आधीच बोलून घ्या. अग्निशामक सिलिंडर पण रोज वापरत नाही आपण.

उरलेल्या पैशांतून शिकवणी. दोन-तीन छाती दाबायचे पुतळे घ्या, काही हजारांत मिळतात, खोली बरोबर गेली की टिक वाजणारे बघा. दर चार-सहा महिन्यांनी अर्धा तास पुरे, एकदाच दिवसभराचं शिबिर आणि सर्टिफिकेटचे फोटो यापेक्षा ते बरं, कारण हाताची सवय काही महिन्यांत मोडते हे मी स्वतः बघतो. पोरांना घ्या, घरकामाच्या मावशींना घ्या, आणि आजींना घ्याच, आजोबा कोसळतील तेव्हा बहुतेक घरात त्याच असणार. बाई कोसळली तर काय करायचं हे मुद्दाम शिकवा. अमेरिकेतसुद्धा सार्वजनिक ठिकाणी बायकांना सीपीआर मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आहे, आपल्याकडे तर पदर कोण सरकवणार यावरच गर्दी अडते. पॅड उघड्या त्वचेवरच लागतात, म्हणून डब्यात कात्री ठेवा आणि एक टॉवेल, घामाची छाती पुसायला.

आणि डबा कुलपात नको. एका सोसायटीत मी शिकवायला गेलो तर एईडी ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गणपतीला गावी. गेटवर वॉचमनच्या केबिनबाहेर लावा, जिथे रात्री लाईट असतो, प्रत्येक लिफ्टमध्ये "एईडी गेटवर आहे" अशी मराठी-हिंदीत पाटी, आणि वॉचमन बदलला की नव्या माणसाला पहिल्याच दिवशी डबा उघडून दाखवा. पॅडला एक्सपायरी असते, बॅटरीला पण, तारखा वेगवेगळ्या असतात. त्या लिफ्टच्या एएमसीच्या रजिस्टरमध्येच लिहून ठेवा, ते रजिस्टर तरी दर महिन्याला कुणीतरी उघडतं.